खरखरीची बॅटरी

सून : सकाळी नव्या घराच्या गच्चीवरून वायरलेस सेटवर हाका मारून मारून घसा बसला माझा, बाबा. कुठे होतात तुम्ही?

सासरे : इथेच, खुर्चीत. सेटची बॅटरी संपली होती.

सून : सकाळीच? रात्रभर चार्जिंगला असतो ना?

सासरे : असतो की. जुनी झाली असेल. माझ्यासारखी.

सून : चेष्टा नको. तशीच गाडी काढून आलेय मी. मागे तुमच्या मुलानं उत्तर दिलं नाही, तेव्हा थेट दवाखान्यातून फोन आला होता, तो गेल्याचा. विसरलात?

सासरे : विसरतोय कसला. पण आता आत काही हलत नाही बघ. पाणी पी.

सून : माझंही तेच. वाटेत रडू येईल वाटलं होतं, तेही आलं नाही. द्या तो सेट इकडे. आणि हे काय, आखूड एरियल? लांब कुठेय?

सासरे : खिशात टोचते.

सून : टोचू दे. उद्यापासून मी तिकडे राहणार, आपल्यामध्ये टेकडी असेल. लांब एरियल लावायची, सेट उभा धरायचा, गच्चीवर येऊन बोलायचं. खोलीत बसून पॉवर वाढवलीत तर आवाज जाणार नाही तो नाहीच, वर बॅटरीचा फडशा.

सासरे : फोन आहे की.

सून : फोनवर आपण काय बोलतो? 'जेवलीस?' 'जेवले.' मग दोघंही नुसते धरून बसतो. ह्याच्यावर 'ओव्हर' म्हटलं की सुटका.

सासरे : हं. हॅम रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेला बसवलंन् त्यानं आपल्या दोघांनाही. कान धरून.

सून : पॉवर तर कमीच आहे. कुणाशी बोलतही नव्हतात. मग बॅटरी जाते कुठे?

सासरे : काय माहीत.

(ती सेट चार्जरला लावून चालू करते. खोलीभर सलग खरखर.)

सून : बाबा, खरखर अडवणारा स्क्वेल्च सताड उघडा आहे! कुणी बोलत नसेल तेव्हा सेटनं गप्प बसायचं, तरच बॅटरी वाचते. हा दिवसभर बोंबलतोय. बंद करते.

सासरे : नको. राहू दे.

सून : का?

सासरे : तो त्याच्या खोलीत बसायचा, तेव्हा भिंतीपलीकडून हेच यायचं. कटकट वाटायची. आता घर फार गप्प असतं गं. त्यात तूही निघालीस.

सून : ...त्याच्या सेटची बॅटरी आहे माझ्या बॅगेत. ह्याला बसते. दिवसभर ती लावा. खरखर ऐका.

सासरे : आणि ही?

सून : ही भरून ठेवायची. संध्याकाळी बदलायची आणि गच्चीवर यायचं. मी हाक मारेन.

सासरे : तेव्हा तरी स्क्वेल्च बंद करू ना?

सून : नको. लांबचा आवाज क्षीण असतो, तो खरखरीतूनच येतो. मीही उघडाच ठेवते.