बत्तीसच्या जागी एक्केचाळीस

मनमाडच्या यार्डात गाडी थांबली की ब्रेकच्या नळीतून हवा सुटे, दमलेला माणूस ओट्यावर टेकावा तशी. त्या आवाजावर मी एकतीस वर्षे नोकरी केली, हे आधी लिहावे असा माझा आग्रह आहे. आता नाव : वामन केशव अहिरराव, वय ७६, रेल्वेतून निवृत्त फिटर, राहणार इंदिरानगर, नाशिक.

आज शनिवारी पोलीस ठाण्यात विचारल्यावरून समक्ष सांगतो की, धरणात बुडालेल्यांना शोधून काढणारे पाणबुडे हिरामण मंगळू भोये, पेठ तालुका, यांच्या श्वासाच्या टाक्या मी चार वर्षे भरतो. हवेत जादा ऑक्सिजन मिसळला की त्यांना खाली जास्त वेळ थांबता येते. त्यासाठी घरामागच्या शेडमध्ये मी प्लास्टिकच्या पाइपाची मिश्रणनळी केली आहे. एका टोकाने हवा, बाजूने ऑक्सिजन, पुढे ऑक्सिजन मोजणारा मीटर, त्यापुढे कॉम्प्रेसर. मीटरवर बत्तीस टक्के ठेवतो. आकडा स्थिरावेपर्यंत चौथीच्या पुस्तकातल्या कवितेची दोन कडवी म्हणतो. शेजारीण सौ. शुभांगी यांनी तक्रारीत ‘मंत्र पुटपुटतात’ असे लिहिले आहे. ते खोटे आहे. ती कविता आहे आणि मला अजून सबंध पाठ आहे.

काल सायंकाळी बत्तीसची चिठ्ठी लावून दोन टाक्या हिरामणला दिल्या. आज सकाळी नऊला त्याच भरणातली छोटी टाकी सहज मोजली. एक्केचाळीस. मीटर उघड्या हवेत धरला; एकवीस, हवेत असतो तेवढाच, म्हणजे मीटर बरोबर. नळी उघडली तेव्हा कळले. गेल्या आठवड्यात मी ती आखूड केली होती, त्यामुळे ऑक्सिजन एका कडेने न मिसळताच निघून जात होता आणि मीटर दुसऱ्या कडेला. ही चूक माझी.

एक्केचाळीसवर तीस मीटर खाली माणसाला झटके येतात. बुडालेल्या एकाला शोधायला हिरामण एक वाजता धरणात उतरणार होता. त्याच्याकडे मीटर आहे, पण तो मोजत नाही; माझ्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतो. सात फोन केले, धरणावर रेंज नाही. ऑक्सिजन नीट मिसळायला नळीत आडकाठी हवी म्हणून पत्नीचे केसांचे प्लास्टिकचे रोलर भरले. ते सोळा वर्षे डब्यात होते. नळीत बत्तीस, टाकीत बत्तीस. १०.४० ला रबरी नळी निसटून फट् झाले. इजा कोणास नाही. नव्या टाक्या स्कूटरला बांधून निघालो तो ११.१५ ला फाटकातच पोलीस. टाक्या, यंत्र, मोबाइल, सर्व जप्त.

हवालदार योगेश म्हणाले, “आजोबा, बॉम्ब नाही तर एवढी मोजामोजी कशाला?”

“बॉम्ब करणारा मोजतो का, कोण जगेल ते?” असे मी म्हणालो. हे लिहावे.

‘यापुढे असे करणार नाही’ हे वाक्य जबाबात घातले होते. ते मी खोडायला लावले. मी भरणार. धरणावर माणूस पाठवा असे ११.५०, १२.२० व १२.४५ ला बजावले. “आधी जबाब पुरा होऊ द्या” असे उत्तर मिळाले. आता २.४० झाले आहेत.

वरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. ‘विनंती केली’ असे होते तिथे ‘बजावले’ करून घेतले. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सहीच्या वेळी, २.५० वाजता, हिरामण पाण्यात उतरायच्या काळ्या सूटमध्ये आत आला. अंग कोरडे.

“काका, चिठ्ठी बत्तीसची अन् टाकीत एक्केचाळीस! मारता काय मला? तुमच्या घरी गेलो, तर शेजारच्या ताई म्हनल्या, यंत्रासकट ठाण्यात नेलं.”

“तू कधीपासून मोजायला लागलास?”

“मी कुठं मोजतो? ही दारातली आजी विचारत होती, आत काय भरलंय. तिला दाखवाया मोजलं.”

दारात एक म्हातारी उभी होती. भागीबाई, बुडालेल्या सोमाची आई. चपला बाहेर काढून ती उंबऱ्याशीच थांबली.

“साहेब,” ती हवालदारांना म्हणाली, “यंत्र तुमच्याकडं हाय म्हनं. माझा सोमा तीन दिस झाले पाण्यात हाय.”