कचरा गाळलेला मंगळवार

– नाही, खोटं बोलताय तुम्ही. मान हलवू नका, वस्तरा चालूय. कोएन्जी स्टेशनापासून इथवर सहा सलून लागतात, ती सोडून या बोळात कुणी दाढीला येतं होय? सहज आलो म्हणे. सहज कुणी येत नाही, साहेब. आल्यापासून त्या भिंतीवरच्या फोटोकडे बघताय – बघा, बघा, फुकट आहे. ड्रमच्या मागे दात काढून बसलाय ना, तो मी. कुरामोची. वीस वर्षं बडवलं ‘मंगळवारचा कचरा’मध्ये. हां, तोच बँड. आता नुसता ‘मंगळवार’. रेकॉर्ड कंपनीवाल्यांनी कचरा गाळला, ऐकायला बरं वाटावं म्हणून. मग मंगळवारी असतं काय? आमच्या गल्लीत तर अजून कचराच उचलतात.

गाल फुगवा. तर मला पहिला संशय आला तो केसांवरून. सागारा, आमचा गाणारा – त्याचे लाल केस वीस वर्षं मी याच खुर्चीत साबण चोपडून उभे केले. आणि गेल्या वसंतात येऊन म्हणतो कसा, “कुरा, डावीकडे भांग पाड, बँकेतल्या माणसासारखा.” पाडला मी. तेव्हाच विचारायला हवं होतं, कुणाच्या नादी लागलास म्हणून. मग पियानो आला. मग व्हायोलिनवाल्या चार बायका. मग गाण्यात शिव्या होत्या तिथे काय, तर दोरीवर वाळणारे मोजे आणि आईची औषधं. लोक रडतात म्हणे ऐकून. आमच्या वेळी लोकांचे दात पडायचे. विकला गेला तो – सगळ्यांना मी हेच सांगतो, तुम्हालाही सांगतो – विकला गेला, म्हणून मी सोडलं. स्वतःहून.

हसलात? फेसाखालचं पण कळतं मला. स्वतःहूनच म्हणजे – दारातून मीच बाहेर पडलो ना? मला कुणी ढकललं नाही. ते एक संथ गाणं होतं, मधे सगळे थांबतात, तीन ठोके काहीच नाही, आणि चौथ्यावर ड्रम. एवढंच. आणि मी दर वेळी तिसऱ्यावरच – धाड. एका तालमीत एकतीस वेळा. जोरात वाजवताना चुकलेलं कुणाला कळत नाही हो, गोंगाटात सगळं खपतं. त्या रिकाम्या जागेत मात्र माणूस उघडा पडतो. पूर्वी सागारानं माइक फेकून मारला असता. आता म्हणाला, “दमला असशील, आज इथंच थांबू.” आणि मिझुशिमानं – आमच्या बेस गिटारवाल्यानं – माझ्यापुढे भाताचा गोळा ठेवला, आजाऱ्यापुढे ठेवतात तसा, हळूच. लाज वाटली मला. गोळा तिथंच सोडून निघालो तो निघालोच. हे कुणाला बोललो नव्हतो मी. तुमच्याशीच का बोलतोय कोण जाणे.

कापडाखाली काय चाललंय? बोटं. केव्हाची बघतोय, आधी वाटलं सवय असेल एखाद्याला. पुन्हा करा. थांबलास – एक, दोन, तीन. बरोब्बर चौथ्यावर पडलास. कसा थांबतोस तू? तिसऱ्यावर हात उचलत नाही तुझा? तू सागाराचा माणूस आहेस. बोल आता, वस्तरा ठेवलाय खाली. – काय? मी हो म्हटल्याशिवाय माझ्या ड्रमवर बसणार नाहीस? हे त्यानं पढवलं? – तो म्हणाला फक्त दाढी करून ये? आणि आठ महिने जागा तशीच ठेवलीय, कुणालाच घेतलं नाही? खोटं. यात काहीतरी डाव आहे त्याचा. असलाच पाहिजे. – डाव नाही?

नाही.

तोंड पूस. आणि ऐक, एकदाच सांगतो. शनिवारच्या कार्यक्रमात शेवटी लोक जुनी गाणी मागतील. तिसऱ्या कडव्यात सागारा तालाच्या पुढे पळतो, वीस वर्षं पळतोय. तू त्याच्यामागे धावू नकोस, जागेवर राहा, तो येतो परत. आणि स्टूल तुझ्या मापानं वर करून घे, माझे पाय आखूड आहेत. बस. – डावा गाल राहिला? राहू दे. ऊठ, नीघ आता, दुकान बंद करायचंय मला. – सकाळचे अकरा वाजलेत, माहितीय मला.