नादेजने दार उघडं ठेवलं

...आणि वर मलाच म्हणतात, "जोसियान, तुला काय गरज होती मध्ये पडायची?" अहो, मध्ये पडले कुठे मी? मी आपली काच पुसत होते! समुद्र हाकेच्या अंतरावर, वाऱ्याबरोबर चोवीस तास खारं पाणी उडतंय, डंकर्कमध्ये माणसाने काच पुसू नये तर काय करावं? आणि काच पुसता पुसता समोरच्या नादेजच्या दारात काय चाललंय ते दिसलं, तर काय डोळे मिटून पुसू?

तर नादेज. तुम्हाला सांगते, सोन्यासारखी बाई. फक्त नवरा... रेजिस! बंदरावर क्रेन चालवतो. बाहेर अख्ख्या गावाला हसवणार आणि घरात पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. तो गेला ऑक्टोबरात. दातांच्या डॉक्टरकडे फोन उचलणारी एक आहे, तिच्याकडे. तिचा फ्लॅट पलीकडच्या मालो भागात, समुद्रासमोर, लिफ्टवाला! लिफ्टचं तर त्याने इतक्या जणांना सांगितलं की मला वाटलं, हा त्या बाईपायी गेला की लिफ्टपायी?

ही बिचारी पडदे उघडेना. मी रोज काहीबाही शिजवून न्यायचे, ती दारातच "नको गं जोसियान" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पातेलं घासून परत. म्हणजे खात होती, एवढं कळायचं. आणि मग एक दिवस सगळे पडदे काढलेले, खिडक्या सताड, आणि बाई शिडीवर! स्वयंपाकघराला रंग! कुठला? पिवळाजर्द! रेजिस असता तर म्हणाला असता, "आपण काय लिंबात राहतो का?" पुढे शाळेच्या खानावळीत नोकरी धरली. नळ दुरुस्त करायला शिकली... म्हणजे पहिल्यांदा अख्खा जिना भिजवला, पण शिकली! मी म्हटलं चला, गाडी रुळावर आली.

कसली रुळावर! जानेवारी संपता संपता माझ्याकडे येते आणि म्हणते, "जोसियान, मी यंदाही शापेल करणार."

माझ्या हातातलं फडकं पडलं. आता शापेल म्हणजे नावाला प्रार्थनाघर, पण आमच्या कार्निव्हलच्या रविवारी ज्या घराचं दार उघडं ती शापेल. सोंगं घेतलेली मित्रमंडळी, चांगले मिशाळ बाप्ये बायकांचे झगे घालून, मिरवणुकीच्या आधी दुपारी आणि मागाहूनही घरात घुसतात, दिसेल त्याचा मुका घेतात, कांद्याचं सूप, हेरिंग मासे, बिअर चापतात, आणि असे गातात की भिंतींना घाम फुटतो. समोरच्या घरात हे बावीस वर्षं चाललं होतं. सूप कुणाचं? नादेजचं. आणि अख्खं गाव म्हणणार काय? "रेजिसची शापेल"!

"अगं, पण ते सगळे रेजिसचे दोस्त," मी म्हटलं, "आलेच नाहीत तर?"

"तर घर विकीन आणि लील शहरात बहिणीकडे जाईन," ती म्हणाली. अगदी शांतपणे हो! "बावीस वर्षं माझ्या हातचं खाऊन गेलेत. ते सगळेच्या सगळे त्याचे होते की थोडे माझेही होते, एवढं मला एकदा बघायचंय."

मी आपलं फडकं उचललं.

आदल्या दिवशी, शनिवारी, तिच्या दारात फिर्मां उभा. फिर्मां म्हणजे रेजिसचा जिवलग, एवढा मोठा देह, कार्निव्हलला दरवर्षी नवरी होतो. मी आपली काच पुसत होते. टोपी हातात घेऊन हा म्हणतो, "वहिनी... म्हणजे मादाम... म्हणजे आता तुला काय म्हणायचं गं?"

"नादेज म्हण. तेच नाव आहे माझं."

"हां. तर रेजिस म्हणतो, यंदा मालोला जमायचं. आम्ही... बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे... बघतो."

अहो, 'बघतो'चा अर्थ न कळणारी बाई जगात जन्माला यायचीय अजून!

रविवार उजाडला. समोरून कांद्याचा असा वास की आमचे हे न रडता रडायला लागले. बारा वाजले. शेजारच्या घरांत घंटा, गाणी, खिदळणं. हिच्या दारावर? चिटपाखरू नाही! आणि रेजिसच्या दोस्तांची टोळी कुठे? टोळी आमच्याच कोपऱ्यावरच्या बारसमोर, कारण जमायची जागा वर्षानुवर्षं तीच. फिर्मां नवरीच्या वेषात, दाढीवाली जोगीण, दोन दाया, आणि मध्ये रेजिस. सगळे नादेजच्या दाराकडे बघतात आणि बुटाकडे बघतात, दाराकडे बघतात आणि बुटाकडे बघतात!

मला काही राहवेना. म्हटलं मीठ मागून यावं. मीठ होतं हो घरात, पण जावं! तर ही पिवळ्या स्वयंपाकघरात, ॲप्रन बांधून, दोन भल्यामोठ्या पातेल्यांसमोर बसलेली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "लीलमध्ये म्हणे थंडी कमी असते."

आता इथे लोक म्हणतात मी मध्ये पडले. तुम्हीच ठरवा. नादेजच्या मागच्या शेडमध्ये रेजिसची छत्री पडली होती. आमच्याकडे गर्दीत टोळी फुटू नये म्हणून पुढारी लांबलचक काठीची छत्री उंच धरतो, आणि छत्री जाईल तिकडे टोळी जाते. रेजिसची लालभडक, टोकाला रबरी कोंबडी लटकवलेली. ती त्याने नेली का नाही? तर लिफ्टमध्ये मावेना! मी बघितलं, छत्री ओलसर. बुरशी धरली असती. मी फक्त तिच्याच वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून उघडून बाहेर धरली. वाळावी म्हणून! हलवली थोडी... ती वाऱ्याने.

आणि नेमकं एक वाजंत्रीपथक ढोल-बासऱ्या वाजवत रस्त्यात शिरलं, हीऽऽ गर्दी, धक्काबुक्की! फिर्मांने मान वर केली. लाल छत्री! कोंबडी! बावीस वर्षांची सवय हो, डोक्याआधी पाय चालतात. हातात हात गुंफलेली अख्खी रांग वळली इकडे, आणि मधोमध रेजिस, दोन्ही दंड अडकलेले, बोंबलतोय, "अरे मालो! गाढवांनो, मालो तिकडे!" त्या ढोलात कोण ऐकतंय?

घंटा वाजली.

नादेजने दार उघडलं. फिर्मांने तिचा असा मुका घेतला की त्याची अर्धी लिपस्टिक तिच्या नाकावर. "नादेज," म्हणाला, आणि झगा सावरत आत शिरला. मागून जोगीण, दाया, सगळे. सर्वांत शेवटी रेजिस. डोक्यावर फुलांची टोपी, आणि अंगावर काय असावं? नादेजच्या आजीचा फरकोट! हिने कपाटं उपसून शोधला होता तो!

आमच्याकडे नियम आहे, सोंग घेऊन आलेल्याला तू कोण म्हणून विचारायचं नाही आणि दारातून परत पाठवायचं नाही. नादेजने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "या मादाम," म्हणाली, "पहिल्यांदाच येताय वाटतं?"

अहो, असा हशा पिकला!

"नादेज, ऐक ना, मी..."

"आत फार गरम होतं. कोट द्या इकडे."

दिला त्याने! आत गुलाबी झगा आणि जाळीचे मोजे. स्वयंपाकघरात शिरला आणि थबकला. "पिवळा?"

"सूप घेणार की रंग बघणार?"

मुकाट्याने वाडगा घेतला. मग जी गाणी सुरू झाली! फिर्मां तिसरा वाडगा पुढे करत म्हणतो, "नादेज, सूप यंदा झकास झालंय गं!" ही म्हणते, "दरवर्षी असंच असतं. यंदा तू चव घेऊन खाल्लंस."

तीनला मिरवणुकीचा मोठा ढोल वाजला. टोळी उठली. मी म्हटलं चला, बाई जिंकली, आता दोघी निवांत बसू, मी पाय वर करीन... तर ही ॲप्रन सोडते, आजीचा कोट चढवते, छत्री उचलते आणि म्हणते, "बावीस वर्षं हे ढोलामागे जातात आणि मी भांडी घासते. जातात तरी कुठपर्यंत, जरा बघून येते." सूप वाढायचा डाव माझ्या हातात! "दार उघडं ठेव गं, जोसियान!" आणि गेली! फिर्मांच्या दंडात दंड अडकवून, सगळ्यांच्या पुढे, वळूनसुद्धा न बघता. हिला लीलला जायचं होतं म्हणे!

राहिलं कोण? मी. आणि रेजिस, कारण फेब्रुवारीच्या वाऱ्यात झग्यावर बाहेर पडणार कसा? बसला खुर्चीवर. म्हणतो, "कधी येईल ती?" मी म्हटलं, "मला काय सांगून गेलीय?" मग हळूच, "जोसियान, थोडं सूप उरलंय का?" वाढलं. काय करता! खाऊन झाल्यावर हातात फडकं दिलं, म्हटलं, वाडगे पूस.

तेवढ्यात पुन्हा घंटा. दारात सोंगं घेतलेला एक मोठा घोळका, एकही चेहरा ओळखीचा नाही, आणि पुढचा दाढीवाला लाजत लाजत विचारतो, "लाल छत्रीवाल्या बाईने पाठवलंय... नादेजची शापेल हीच ना?"

म्हटलं, "हो रे बाबांनो, हीच. फक्त नादेज घरात नाही. मी शेजारीण... आणि ते आत वाडगे पुसतायत ना, ते तिचे माजी यजमान."