सरपंचाची खुर्ची

नागरिकशास्त्र सोपं असते, असं ज्याले वाटते त्यानं एकदा सातवीची पोरं घेऊन ग्रामसभेत बसून दाखवावं. मी बसलो, अनसिंगकडच्या आमच्याच गावात. निघताना पोरांले बजावलं होतं, "फक्त पाहायचं. तोंड उघडायचं नाही."

आमच्या गावात सरपंच बाई आहे. पण सभेत खुर्चीवर बसतात तिचे मालक, अन् बाई मागं बायांमंधी, डोक्यावर पदर घेऊन. गावाले त्यात काहीच वावगं वाटत नाही.

सभा सुरू झाली अन् माझ्या वर्गातली पायल उभी राह्यली. पायल म्हणजे त्यायचीच पोरगी.

"बाबा, निवडून तं आई आली. मंग खुर्चीवर तुमी काहून बसले?"

बापानं पोरीकडं पाह्यलंच नाही, माझ्याकडं पाह्यलं.

"मास्तर, हेच शिकवून राह्यले का तुमी शाळेत?"

हो म्हणावं तं गावात राहणं कठीण. नाही म्हणावं तं आख्खा वर्ग माझ्या तोंडाकडं पाहून राह्यला होता. पायल अजून उभीच.

"हो," म्हटलं, "धडाच आहे तो."

तो खुर्चीतून ताडकन उठला. मले वाटलं, आता हा माह्या अंगावरच येते. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला.

"उठलेच आहा, तं आता बसू नोका. मी येऊन राह्यली."