शेजारची सीट

शिफ्ट सुटल्यावर पाय ओढत कुसुमताई कासारवाडीच्या बसच्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे एक मेकॅनिक आपल्या शर्यतवाल्या मालकाशी बोलत होता.

"अर्जुनराव, यंदा घाटाच्या शर्यतीला गाडी अजून हलकी करू."

"आता काय काढणार, ज्ञानदेव? स्टेपनी काढली, पायाखालचं मॅटिंग काढलं, शेजारची सीटसुद्धा काढली."

"तरी गेल्या साली आपण शेवटून दुसरे."

"गाडी चढत होती रे. मीच वळणावळणाला दमत होतो. आता काढायचा राहिलाय तो ड्रायव्हर."

"असं नका बोलू, राव."

"ती सीट कुठंय?"

"तुमच्याच घरी. वहिनी तिच्यावर बसून भाजी निवडतात."

"एवढ्या वर्षांत तिनं तो घाट बघितला नाही."

कुसुमताईंची बस आली नि गेली; त्या ऐकतच उभ्या राहिल्या.

"मग काय करू?"

"सीट परत बसव. तुझ्या वहिनीसकट."