खाली ठेवलेला पेला

हेब्रॉनबाहेरचं पिवळं फाटक सकाळपासून बंद होतं. सैनिक सावलीत, आम्ही उन्हात. रांगेत माझ्यापुढे दोन म्हातारे होते, एक मेंढपाळ आणि एक गावातला.

"अबू नायिफ! वस्ती सोडलीत म्हणे तुम्ही?"

"सोडली कसली, अबू हिशाम! इस्रायली वसाहतवाल्यांनी टाकी फोडली, तंबू जाळले. सैनिक बघत उभे."

"अरेरे! आणि मेंढरं?"

"उरली ती मेव्हण्याच्या अंगणात. आम्ही सातजणही तिथंच."

"घे, कॉफी घे. थर्मासमध्ये गरम आहे अजून."

"नको."

"घे रे, फाटक काही इतक्यात उघडत नाही."

"तुझी कॉफी मी एकदा तशीच ठेवून उठलोय."

"तो विषय नको ना आता."

"वसाहतवाल्यांच्या धमक्या सुरू झाल्या तेव्हा, पेला खाली ठेवून म्हटलं होतं, तुझ्या जैतुनाच्या रानात तंबू ठोकू दे, मग पितो. पाहुण्यानं असा पेला ठेवला की आपल्यात यजमान काय म्हणतो?"

"'पी, दिलं' म्हणतो."

"म्हणतो ना?"

"तुला जागा दिली असती, तर पोराचा कामाचा परवाना काढून घेतला असता रे सैन्यानं!"

"ठाऊक आहे. म्हणून तर गावात कुणाला बोललो नाही."

"बोलायचं होतंस! लोकांनी तोंडावर थुंकलं असतं, तर बरं वाटलं असतं मला."

"काय सांगणार लोकांना? तू 'नाही' कुठं म्हणालास?"

"मग काय म्हणालो?"

"विसरलास? म्हणालास, 'पी लवकर, गार होतेय.'"