कट्यारीच्या बदल्यात

नांदेड स्टेशनवर सामान तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे हळद लागलेला नवरदेव आणि त्याची आत्या उभे होते. नवरदेवाच्या हातात वीतभर कट्यार होती, तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं. मुदखेडच्या गाडीला बारा मिनिटं होती. हवालदाराने हात आडवा केला.

“नवरदेव, कट्यार इथं ठेवा. जिल्ह्यात शस्त्रबंदी लागू हाय.”

“साहेब, हळद लागल्यापासून अक्षता पडंस्तोवर लोखंड हातातून सोडायचं नसतंय.”

“ठावं हाय, आत्याबाई. पण पात्याला धार हाय.”

“लोणी बी कापत न्हाई हो ते!”

“टोक तर हाय की. पुढं कुनी धरलं, तर नवरदेव मांडवाऐवजी ठाण्यात बसंल.”

“आत्या, देऊन टाकतो. गाडी निघंल.”

“गप रे महांतेश! तुझ्या मायच्या माघारी मी करून राहिले हे लगीन. रिकाम्या हातानं न्हाई नेणार तुला.”

“भांडू नका, आत्याबाई. लोखंडच पाहिजे ना? कट्यारच पाहिजे असं न्हाई?”

“न्हाई. ह्याच्या थोरल्या भावाच्या हातात अडकित्ता होता.”

“मग हा धरा माझा. सुपारीच्या अडकित्त्याला कुनी हत्यार म्हनत न्हाई. लिंबू ह्याला खोचा.”

“आन कट्यार?”

“माझ्यापाशी राहील. उद्या नवरीला घेऊन आले की बदलून न्या. वाजिद हवालदार म्हनून विचारा.”

“वाजिदभाई, तवर तुमची सुपारी?”

“दात हायत की अजून. पळा, गाडी लागली.”